रात्री घरात चोर शिरला तर: घराच्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातल्या घरांना धरून लिहिली आहेत: सोसायटीतला फ्लॅट, गावातलं बैठं घर आणि शेतातली वस्ती. जिथे घरानुसार उत्तर बदलतं तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी म्हणजे चोराला पकडायची तयारी ना?

नाही. घरातली सगळी माणसं एका पक्क्या दाराआड, कोणाच्या तरी हातात चालू फोन, आणि बाहेर उजेड नि गोंगाट, एवढंच साधायचं. घरफोडी करणाऱ्याला अंधार आणि निवांत वेळ लागतो. तो हिरावला की बहुतेक वेळा तो आल्या वाटेने जातो. ती वाट अडवली, तर मात्र हातातली कटावणी तो दाराऐवजी माणसावर वापरतो. म्हणून त्याच्या पळण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, मागचं दार बाहेरून लावून त्याला कोंडायचं नाही. कपाटातलं सोनं हा नंतरचा विषय.

आवाजाने जाग आली. पहिल्या मिनिटात काय करायचं?

तो अजून बाहेर आहे की आत आलाय, यावर सगळं ठरतं. दोन्हीला एकच उत्तर लावणं ही नेहमीची चूक.

ग्रिल कापल्याचा, कोयंडा उचकटल्याचा आवाज येतोय, म्हणजे तो बाहेर आहे. तेव्हा लगेच बाहेरचे सगळे दिवे लावा, सायरन असेल तर दाबा, मोठ्याने ओरडा. गप्प राहून कानोसा घेत बसलात तर तेवढ्यात कोयंडा सुटतो.

तो आत आला असेल तर क्रम उलटा. आधी आवाज न करता माणसं मोजा, सगळ्यांना ठरलेल्या खोलीत घ्या, आतून बोल्ट लावा, 112 ला फोन करा, आणि मग दाराआडून ओरडा: ‘पोलिसांना फोन लागलाय!’ मुलं दुसऱ्या खोलीत असताना आधीच आरडाओरडा केला, तर चोर नेमका तुमच्या आणि मुलांच्या मधल्या पॅसेजमध्ये असू शकतो.

झोपायच्या खोलीतला दिवा लावू नका. तुम्ही उजेडात आणि तो अंधारात, असं होतं. बाहेरच्या दिव्याचं बटण बेडजवळ असावं. जिन्याला असतो तसा टू-वे स्विच लावायला इलेक्ट्रिशियनला फार तर अर्धा दिवस लागतो. या यादीत खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त उपयोग याचाच.

तो चोरच आहे, घरचं माणूस नाही, हे कसं कळणार?

हा प्रश्न लोक हसत विचारतात, पण अंधारात काठी बसते ती पाणी प्यायला उठलेल्या आजोबांना किंवा उशिरा आलेल्या मुलाला. दोन नियम पाळा. उशिरा येणाऱ्याने दार उघडायच्या आधी खालून फोन करायचा, स्वतःची किल्ली असली तरी. आणि संशय आला की आधी अंथरुणं तपासायची, चोर नंतर. सगळे जागेवर असले, तर बाहेर आवाज करणारा घरचा नाही.

घरासाठी एक खुणेचा शब्द ठरवा. रोजच्या बोलण्यात न येणारा, ओरडायला सोपा, तीन-चार अक्षरी. तो कानावर पडला की विचारपूस न करता ठरलेल्या खोलीत जायचं.

ठरलेली खोली म्हणजे कोणती?

जिथे घरातली सगळ्यात हळू चालणारी माणसं झोपतात ती. आईला गुडघ्याचा त्रास असेल, तर तिने तुमच्या खोलीपर्यंत येण्यापेक्षा तुम्ही मुलांना घेऊन तिच्याकडे जाणं शहाणपणाचं. खोलीला रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याकडे उघडणारी खिडकी हवी आणि फोनला रेंज हवी. जाड भिंतींच्या जुन्या घरांत आतल्या खोलीत रेंज जाते. रात्रीच्या वेळी तिथूनच एक फोन लावून पाहा.

दार 30 ते 35 मिलिमीटर जाडीचं, भरीव फ्लश डोअर असावं. बाथरूमला लावतात ते पीव्हीसीचं दार इथे कामाचं नाही, एका लाथेत मधोमध फाटतं. आतून वर आणि खाली एकेक टॉवर बोल्ट, 8 इंची. दार आत उघडणारं असेल तर खाली लाकडी पाचर ठोकून ठेवता येते.

त्या खोलीत काय ठेवायचं?

चार्जरला लावलेला एक फोन, बटणाचा जुना असला तरी चालेल, पण सिमचं रिचार्ज चालू हवं. टॉर्च, शिट्टी, एकाचा जादा चष्मा, रात्रीची औषधं, सगळ्यांच्या चपला. चपला यासाठी, की फुटलेल्या काचेवरून अनवाणी कोणी बाहेर जाऊ शकत नाही.

आणि मुख्य दाराची एक जादा किल्ली, मोठ्या रंगीत बिल्ल्याला अडकवलेली. पोलीस आले की दार उघडायला खाली जायचं नाही, किल्ली खिडकीतून टाकायची. बिल्ला नसेल तर ती अंधारात कुंड्यांमध्ये पडते आणि हवालदार टॉर्च घेऊन शोधत बसतात. मात्र हे नुसत्या लॅचच्या दाराला चालतं. आतून अडसर किंवा बोल्ट लावला असेल तर बाहेरची किल्ली काय करणार? तेव्हा चोर गेल्याचं पोलिसांनी सांगितल्यावरच आपण उघडायचं.

112 ला नेमकं काय बोलायचं?

आधी पत्ता, मग घटना. फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नाही. राज्याची 112 ची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. तिथल्या माणसाला ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हणून काही बोध होत नाही. फोन लागताच जिल्हा, तालुका, गाव किंवा पोलीस ठाणं, मग वस्तीचं नाव, गट नंबर, रस्त्यावरची ठळक खूण. शहरात इमारतीचं नाव, विंग, मजला आणि मागचं गेट कुठे उघडतं ते. त्यानंतर: किती माणसं दिसली, हातात काय आहे, आपण कोणत्या खोलीत आहोत, घरात आजारी किंवा लहान कोण. फोन कट करू नका, बोलता येत नसेल तर चालू ठेवून बाजूला ठेवा.

हा मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा गट नंबर आठवत नाही, पाहुण्या आलेल्या मावशीला तर माहीतच नसतो.

मोबाइलमध्ये तातडीच्या कॉलची सोय पॉवर बटण ठरावीक वेळा दाबून चालू होते. कितीदा ते कंपनीनुसार बदलतं, आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये दिवसा पाहून ठेवा. काही फोनमध्ये हे बटण दाबताच मोठा भोंगा वाजतो. लपून बसायचं असेल तर तो आवाज आधीच बंद करून ठेवावा. चुकून 112 लागला तर कापू नका, चुकून लागला म्हणून सांगा. नाहीतर ते उलटा फोन करतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर शेजारी येतील ना?

रात्री अडीचला ग्रुप कोणी वाचत नाही. फोन करा. दोन शेजाऱ्यांशी आधी ठरवा आणि त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही वाजेल असा ठेवायला सांगा. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसरा फोन आला तर वाजू द्यायची सोय बहुतेक फोनमध्ये असते.

पण एक डाव लक्षात ठेवा. बैठ्या घरांच्या ओळीत घरफोडीच्या आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घातल्या जातात. शेजारी जागा होतो, पण स्वतःच्याच घरात अडकतो. उपाय फुकटात होतो. रात्री आत झोपताना बाहेरच्या मोकळ्या कोयंड्यात एक छोटं कुलूप अडकवून बंद करा. कोयंडा भरलेला असला की त्यावर कडी बसत नाही. कुलूप अडकवून कडी एकदा लावून पाहा. लहान कुलपाची दांडी बारीक असते आणि काही जुन्या रुंद कड्या तिच्यावरूनही बसतात. मागच्या दाराला बाहेरून कडीची गरजच नसेल तर ती काढूनच टाका. हे सगळ्या आळीने करायला हवं, एकट्याच्या कुलपाने शेजारी मोकळा होत नाही.

दार आणि खिडक्यांमध्ये कच्चं काय असतं?

कुलूप क्वचितच. कच्चं असतं ते कुलूप ज्याला धरून आहे ते.

खालचा टॉवर बोल्ट पाहा. तो ज्या भोकात उतरतो त्यात फरशी पुसतानाची माती साचते. बोल्ट ‘लागला’ असं वाटतं, पण प्रत्यक्षात जेमतेम पाच मिलिमीटर आत असतो. खिळ्याने भोक उकरा, व्हॅक्युम किंवा फुंकणीने साफ करा, 20 ते 25 मिलिमीटर आत जायला हवा. लाथ बसते ती दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर, आणि बहुतेक घरांत रोज लावला जातो तो फक्त वरचा बोल्ट, वाकायचा कंटाळा म्हणून.

अल्ड्रॉप किंवा कोयंडा आखूड स्क्रूंवर बसवलेला असतो. कटावणी घालून उचकटला की लाकडाच्या भुशासकट बाहेर येतो. त्याजागी गोल डोक्याचे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला वायसर आणि नट घट्ट करा. चौकटीतल्या पट्टीचे स्क्रू 50 मिलिमीटरचे करा. चौकटीच्या कडेने प्लास्टरला उभी भेग गेली असेल, तर तिला भिंतीत धरणारे होल्डफास्ट सुटलेत. मग दाराला कितीही महागडं कुलूप लावा, चौकटीसकट आत येईल. ती आधी गवंड्याकडून बसवून घ्या.

आत उघडणाऱ्या दाराला जुन्या वाड्यांतला अडसर अजूनही उत्तम. आजच्या घरात 40 मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, दोन्ही बाजूंना भिंतीत यू आकाराचे ब्रॅकेट, प्रत्येकाला 10 मिलिमीटरचे दोन अँकर फास्टनर. ब्रॅकेट चौकटीवर मारले तर अडसराचा अर्थच उरत नाही. पाइप अंधारात एका हाताने उचलता आला पाहिजे. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाकडून उचलून घ्या, तुमच्याकडून नाही.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या रुळावरून वर उचलून काढता येतात. वरच्या पट्टीत एक-दोन स्क्रू अर्धवट बाहेर ठेवून घाला, शटर वर उचललं जात नाही. खालच्या रुळात मापाची काठी आडवी ठेवा. बाथरूमच्या खिडकीतल्या तिरक्या काचा क्लिपमधून एकेक करून आवाज न होता निघतात, तिथे बाहेरून गज हवेत. एक्झॉस्ट फॅनचं किंवा जुन्या विंडो एसीचं भोक विसरलं जातं. गच्चीचं दारही. उन्हाळ्यात सगळे वर झोपायला जातात, खालच्या दाराला नुसती कडी असते आणि पंख्याच्या वाऱ्यात खालचं काही ऐकू येत नाही. वर झोपायचंच असेल तर खाली सगळं आतून बंद करून वर जा आणि फोन सोबत घ्या.

ग्रिलला गज 10 मिलिमीटरचे, अंतर चार इंचांच्या आसपास. लाकडी फ्रेमवर स्क्रूने लावलेलं ग्रिल स्क्रू ड्रायव्हरने निघतं, स्क्रूंच्या डोक्यावर वेल्डिंगचा एकेक थेंब टाकून घ्या. एक मात्र कुठेही सोडू नका: प्रत्येक मजल्यावर एक ग्रिल आतून उघडणारं असलंच पाहिजे. चोरापेक्षा आग जास्त वेगाने येते. किल्ली आतून हाताशी, पण खिडकीतून हात किंवा आकडी घालून पोहोचणार नाही अशा खिळ्यावर.

सीसीटीव्ही आहे. पुरेसा नाही का?

तपासाला पुरेसा, रात्रीसाठी नाही. चोराचा चेहरा झाकलेला असतो आणि जाताना तो रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआरच उचलून नेतो. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. तो आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, कारण चोराला वीज घालवायची तर मीटरजवळचा मेन खाली ओढला की काम झालं.

हॅलोजनऐवजी 20 ते 30 वॉटचा सेन्सरवाला एलईडी दिवा बसवा, जमिनीपासून अडीच मीटरवर. झाडाची फांदी समोर असेल तर वाऱ्याने रात्रभर लागत राहतो आणि तिसऱ्या दिवशी घरचेच तो बंद करतात. दाराच्या चुंबकी सेन्सरचंही तेच. उन्हाळ्यात बसवलेला सेन्सर जुलैमध्ये खोटे भोंगे देतो, कारण पावसात लाकडी दार फुगतं आणि चुंबक सरकतं. बसवतानाच थोडी मोकळीक ठेवा आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा जुळवा. हूटरची बॅटरी महिन्यातून एकदा वाजवून पाहायची.

चोर गुंगीचा स्प्रे मारतात म्हणे?

हवेत फवारून अख्खी खोली नकळत बेशुद्ध करणारा स्प्रे बाजारात मिळत नाही. शस्त्रक्रियेत भूल द्यायला तज्ज्ञ डॉक्टर, मोजून दिलेलं औषध आणि सतत देखरेख लागते. उघड्या खिडकीतून ते साधत नाही. माणसं गाढ झोपलेली असतात, कूलर घरघरत असतो, एवढंच. या भीतीने खिडक्या गच्च लावून झोपण्यापेक्षा ग्रिल तपासा.

समोरासमोर आलाच तर?

हात दिसतील असे ठेवा, एका बाजूला सरका, दाराची वाट मोकळी करा. किल्ल्या मागितल्या तर द्या. टक लावून पाहू नका, पण उंची, बोली, चालणं, पायातलं काय ते ध्यानात ठेवा. पायातलं पादत्राण चोर सहसा बदलत नाही.

मिरचीपूड किंवा पेपर स्प्रे बंद खोलीत, वर पंखा फिरत असताना वापरला तर तो तुमच्याच मुलांच्या डोळ्यांत जातो. अरुंद पॅसेजमध्ये लांब काठी फिरवता येत नाही. उशाखाली कोयता ठेवू नका. झोपेतून उठलेल्याच्या हातातून तो काढून घेतला जातो.

कायद्याने किती प्रतिकार करता येतो?

भारतीय न्याय संहितेतली 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत, 1 जुलै 2024 पासून लागू. कलम 41 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळातल्या घरफोडीविरुद्ध मालमत्तेच्या रक्षणाचा अधिकार टोकाच्या प्रतिकारापर्यंत जाऊ शकतो. लोक इथवरच वाचतात. कलम 37 सांगतं की बचावासाठी जेवढी गरज, त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळून चाललेल्याच्या पाठीत घातलेला घाव, खाली पाडून बांधल्यानंतर केलेली मारहाण, हा बचाव राहत नाही, तो वेगळा गुन्हा होतो.

पकडलेल्याला पोलिसांकडे देणं बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये त्याला सहा तासांची मर्यादा आहे. पण पोलीस येईपर्यंत थांबायचं ते त्याला न मारता.

गावात रात्रीची गस्त सुरू करायची आहे. काय सांभाळायचं?

आधी पोलीस पाटील आणि ठाण्याला कळवा, नावं लिहून द्या. टॉर्च आणि शिट्टी पुरे. संशयित दिसला तर घेराव न घालता नजर ठेवून 112 ला कळवणं, एवढंच गस्तीचं काम.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार केलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. आणि ते दिवसाढवळ्या घडलं. गस्तीचा ग्रुप काढाल त्या दिवशीच ठरवा, की ‘टोळी आलीय’ असा फॉरवर्ड ठाण्यातून खात्री केल्याशिवाय पुढे जाणार नाही. अनोळखी माणूस, वेगळी बोली, पाल टाकून राहिलेलं कुटुंब ही चोरीची खूण नाही.

काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. नोंदणी झालेल्या गावातून ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर फोन केला की तुमचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकदम जातो. आपलं गाव त्यात आहे का, ते ठाण्यात विचारा. वस्ती दूर असेल तर वाटेच्या फाट्यावर वस्तीच्या नावाची पाटी हवी. अंधारात गाडी चुकीच्या पाणंदीत शिरली तर उसात पाऊण तास जातो.

आई-वडील गावी एकटे राहतात. त्यांच्यासाठी?

वायरलेस डोअरबेल. बटण त्यांच्या उशाशी, घंटा शेजाऱ्याच्या घरात. भिंती मध्ये असताना पोहोचते का ते बसवण्याआधी पाहा. दर महिन्याच्या एक तारखेला बटण दाबायचं, शेजाऱ्याने फोन करून ‘वाजली’ म्हणायचं. पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करून घ्या. ऐकायचं यंत्र रात्री काढून ठेवणाऱ्यांना घंटा, हाक काहीच ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी खोलीत लखलखणारा दिवा जोडा.

मुलांना घाबरवल्याशिवाय सराव कसा घ्यायचा?

आग लागली तर, म्हणून घ्या. वाट तीच, खोली तीच. एकदा दिवसा, एकदा रात्री दिवे घालवून. घड्याळ लावा, तीस-चाळीस सेकंदांत सगळे बोल्टच्या आत आले पाहिजेत. पहिल्या वेळी हमखास दोन गोष्टी होतात: कोणीतरी मच्छरदाणीत अडकतं, आणि दोन्ही पालक एकाच मुलाला उचलतात. कोणी कोणाला घ्यायचं ते नावानिशी ठरवा. बाबा रात्रपाळीला असतील त्या दिवसाचं वेगळं.

चोर निघून गेले. सकाळपर्यंत काय?

कपाट आवरू नका, दाराची मूठ पुसू नका, उठून चहा ठेवायलाही त्या वाटेने जाऊ नका. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येईपर्यंत घरच्यांनी एकाच खोलीत किंवा ओट्यावर थांबायचं. गर्दी करून आलेल्या नातेवाइकांना अंगणाबाहेर ठेवा, श्वानाचा माग तिथेच तुटतो.

फोन गेला असेल तर लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि सिम बंद करा. संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायला तक्रारीची प्रत लागते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

दागिन्यांची यादी वजनासकट द्यावी लागते, आणि ती तेव्हा आठवत नाही. म्हणून आधीच प्रत्येक दागिन्याचा फोटो, पावती, वजन आणि नव्या दागिन्यांवरचा सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मेलवर ठेवा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. हद्दीचा प्रश्न आला तर कोणत्याही ठाण्यात झीरो एफआयआर होतो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तुटलेल्या कोयंड्याचे फोटो काढा, पंचनामा होऊ द्या, आणि मग सुताराला त्याच दिवशी बोलवा. उघड्या दाराने दुसरी रात्र काढू नका.